चालीवरून मासा

पाण्यातला मासा नीट दिसला आणि मग ओळखला, असं आमच्या बाळापूरला फार कमी वेळा घडतं. मन आणि म्हैस या दोन्ही नद्या काळ्या मातीच्या रानातून येतात. पावसाळाभर पाणी गढूळ असतं. दिवाळीनंतर ते नितळतं, तरी डोहात फार खोलवर नजर पोचत नाही. या दोन नद्यांच्या बेचक्यात आमचा किल्ला उभा आहे. एलिचपूरच्या नवाब इस्माईल खानाने तो १७५७ साली पुरा केला. पायथ्याशी बाळादेवीचं देऊळ आहे आणि तिथून जवळच नदी. माझं लहानपण त्या काठावर गेलं, आणि अजूनही सकाळचा फेरफटका तिकडेच असतो. खवले, मिशा, रंग हे सगळं मासा हातात आल्यावर कळतं. तो पाण्यात असतो तेव्हा आपल्याला मिळते ती फक्त त्याची चाल, आणि नजर तयार असली तर तेवढ्यावर भागतं.

हे लिहायला निमित्त झाला माझा पुतण्या. तो पुण्यात शिकतो आणि संगणकावर ‘फायनल फँटसी फोर्टीन’ नावाचा जपानी कंपनीचा खेळ खेळतो. त्या काल्पनिक जगात तलवारबाजी आणि जादूटोणा आहे, तशीच मासेमारीही आहे. गळ टाकून मासे धरता येतात आणि भाल्यानेही मारता येतात. भाल्याचा हा प्रकार २०२१ च्या डिसेंबरात आलेल्या ‘एंडवॉकर’ भागाच्या वेळी नव्याने बांधला गेला. तेव्हापासून पडद्यावर माशांच्या नुसत्या सावल्या पोहत जातात. सावली लहान, मध्यम की मोठी आणि ती किती वेगाने चालली, यावरून कोणता मासा आहे ते ठरवायचं आणि नेमक्या क्षणी भाला मारायचा. त्याने मला विचारलं, “काका, खऱ्या नदीत असं ओळखता येते काय?” येतं. त्याला तोंडी जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो.

१. आधी पाणी पाहा.

मला नदी शिकवली ती काठावरच्या एका भोई मामांनी. सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. “माशाले कायले पायतं? पानी काय सांगून रायलं, ते पाय.” वाऱ्याने उठलेल्या लाटा सगळ्या एका दिशेने जातात. त्यांच्यात एखादी रेघ आडवी किंवा उलटी निघाली, तर तिच्याखाली जीव आहे. गोल वलय उठलं तर काही तरी वर येऊन परत गेलं. पाण्यावर गुळगुळीत, सपाट चकती उमटली आणि हळूहळू पसरली, तर मोठा मासा वर न येता खालीच वळला. त्याच्या शेपटीने ढकललेलं पाणी वर आलं. ही चकती नवखा माणूस हमखास सोडून देतो, आणि मोठ्या माशाची सगळ्यांत खात्रीची खूण तीच आहे.

पाहायची जागाही महत्त्वाची. समोरच्या दरडीची किंवा झाडाची सावली पाण्यावर पडते, तिथे चकाकी नसते आणि आतलं दिसतं. सूर्य पाठीशी असावा, पण आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. पोलराइज्ड काचांचा चष्मा मिळाला तर घ्या, फरक लगेच जाणवतो.

आपण पाहतो तसा मासाही पाहत असतो. पाण्याबाहेरचं सगळं जग त्याला डोक्यावरच्या एका गोल झरोक्यातून दिसतं, आणि त्या झरोक्याचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो. काठावर ताठ उभा राहिलेला माणूस त्यात सहज येतो. खाली बसलेला माणूस झरोक्याच्या अगदी कडेला चेपटा होऊन दिसतो, म्हणून बसावं. शिवाय माशाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत एक रेषा असते, तिच्यातून त्याला पाण्यातला हादरा कळतो. मामांच्या भाषेत, “जोरानं पाय नको आपटू, त्याले अंगानं आयकू येते.”

२. मासा दिसतो तिथे नसतो.

पाण्यातून बाहेर येताना उजेड वाकतो, म्हणून मासा आहे त्याहून वर दिसतो. सरळ वरून पाहिलं तर चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर भासतो. तिरकं पाहिलं तर फरक आणखी वाढतो. भाला मारणारे भोई दिसणाऱ्या माशाच्या खाली नेम धरतात तो याचसाठी. ओळखायलाही हे ध्यानात ठेवावं लागतं, कारण मासा कोणत्या थरात आहे हा पुढचा प्रश्न आहे, आणि तिथे हातभराची चूक झाली तर नावही चुकतं.

३. थर ओळखला की निम्मं काम झालं.

कटला, रोहू आणि मृगळ ही त्रयी आता वऱ्हाडातल्या प्रत्येक बाजारात असते. ती मूळची गंगेच्या बाजूची. आपल्या तापी-पूर्णेच्या खोऱ्यात ती तलाव-धरणांत सोडलेल्या बोटुकलीतून, म्हणजे बोटभर पिलांतून, आली आणि पुरांबरोबर नद्यांत उतरली. या जाती साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. तळ्यातल्या माशांना संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्याचं तंत्र १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी यशस्वी केलं. बोटुकली गावोगाव पोचली ती त्यानंतर. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

हे तिघे एका तळ्यात सुखाने नांदतात, कारण तिघांचं जेवण तीन मजल्यांवर मांडलेलं असतं. चाली वेगळ्या पडतात त्या तिथेच.

कटल्याचं तोंड वर उघडतं. तो पाण्याच्या वरच्या थरातले बारीक जीव गाळून खातो. त्यामुळे तो पृष्ठभागालगत सावकाश चालतो, आणि त्याच्या रुंद डोक्यापुढे पाण्याचा बुटका फुगवटा सरकत जातो. मधून मधून तोंड वर येतं, पाणी ओढतं आणि खाली जातं. घाई नसते. एका ओळीत अशी चार-पाच वलयं उठत गेली तर कटला समजावा.

रोहू मधल्या थरातला. त्याच्या ओठांना झालर असते आणि तो बुडालेल्या देठांवरचं, दगडांवरचं शेवाळ खरवडतो. त्याचं पाहणं पाण्यात नको, पाणवेलीत करा. वारा पडलेला आहे आणि पाणकणसाचं एकच देठ थरथरतंय, मग शेजारचं थरथरतंय, म्हणजे रोहू देठं चाटत निघाला आहे. सकाळी तो कधी कधी वर येऊन लोळण घेतो. आधी पाठ, मग वरचा पर, शेवटी शेपटी, या क्रमाने तो दिसतो आणि आवाज जवळजवळ होत नाही.

मृगळ तळाला डोकं खाली घालून गाळ उपसतो. तो दिसत नाही, त्याचा गाळ दिसतो. पाण्यात लहान लहान गढूळ पुंजके उठतात आणि धारेबरोबर ओघळतात. बरोबर बारीक बुडबुडे येतात. बुडबुडे तर कुजलेल्या गाळातूनही येतात, पण ते एकाच जागेवरून येत राहतात. माशाचे बुडबुडे पुढे सरकतात. सायप्रिनस हा परदेशी मासाही गाळ उकरतो, मात्र तो खड्डे पाडतो आणि सगळा कोपराच गढूळ करून सोडतो. पाणी फार ढवळलं असेल तर मृगळऐवजी त्याचं नाव घ्यावं.

४. मरळ थांबण्यावरून ओळखावी.

बाकीचे मासे हलतात म्हणून कळतात. मरळ हलत नाही म्हणून कळते. माझ्या मते आमच्या नदीचा खरा धनी हाच मासा आहे.

मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाची काळ्या दगडाची छत्री आमच्या नदीकाठी आहे. तिच्या खालच्या अंगाला एका हिवाळ्यात मी मरळ अगदी जवळून पाहिली. काठाच्या शेवाळात, वीतभर पाण्यात, बाभळीची बुडालेली फांदी पडावी तशी ती पडून होती. अंग सरळ, शेपटी स्थिर. फक्त छातीजवळचे दोन पर हलत होते, तेही एकदम नाही, आधी डावा, मग उजवा, पुन्हा डावा. त्या दोन परांवर ती धारेत जागच्या जागी तोल सांभाळत होती. दगडावरून एक बेडूक पाण्यात उतरला. मरळीने तोंड वळवलं नाही. पर थांबले, अंगाला मधोमध बाक आला आणि त्यानंतर मला दिसला तो फक्त गाळ. बेडूकही नव्हता, मरळही नव्हती. पाणी निवळलं तेव्हा ती तिथून दोन हातांवर दुसऱ्या शेवाळाखाली तशीच सरळ पडून होती, आणि पुन्हा डावा पर, उजवा पर.

थांबणं, बाक, झेप आणि परत थांबणं, हा क्रम इकडच्या दुसऱ्या कुठल्याही माशाचा नाही. रोहू झेप घेतो, पण मग बराच वेळ पळत राहतो. मरळ पळत नाही.

दुसरी खूण श्वासाची. मरळीला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय आहे, आणि तिला वर यावंच लागतं. ती वर येते ती सावकाश, तिरकी. नाक पाण्याला लागतं, एक मऊ ‘डुब’ असा आवाज होतो आणि ती जागेवरच खाली उतरते. मांगूरही हवा घेतो, पण तो तळातून सरळ उभा वर येतो, घोट घेतो आणि तसाच उभा खाली सुटतो. त्याचं वलय लहान आणि घाईचं असतं. काही वेळाने त्याच जागी पुन्हा ‘डुब’ असा आवाज आला तर मरळीचं घर तिथेच आहे.

५. वाम आणि विरोळा यांत गल्लत करू नका.

माशांच्या पोहण्याच्या पद्धतींची शास्त्रीय वर्गवारी चार्ल्स ब्रेडर या अमेरिकी संशोधकाने १९२६ साली मांडली. काही मासे डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं अंग वळवतात, काही फक्त मागचा भाग, आणि काहींचं नुसतं शेपूट हलतं. आमच्याकडे पहिल्या प्रकारची वाम. ती पाण्याखालून, तळ धरून जाते आणि दिवसा बहुतेक वेळ वाळूत अंग पुरून फक्त नाक बाहेर ठेवते. पाण्याच्या वर डोकं काढून नागमोडी रेघ ओढत जाणारा तो विरोळा, पाणसाप. तो विषारी नाही, पण चावतो. त्याला मारू नका.

६. कळप काय सांगतो ते आधी कळपाखाली शोधा.

उथळ पाण्यात बारीक चंदेरी मासळी फिरत असते. सगळी एकदम वळते तेव्हा पोटाची पांढरी चमक दिसते. ते रोजचं. पण मासळी एकदम पंख्यासारखी पाण्याबाहेर उडाली, तर खालून कुणी तरी आलं. उडण्याची दिशा पाहा. ज्या बाजूला ती पांगली, त्याच्या उलट बाजूने शिकारी आला. संध्याकाळी खोल डोहाच्या तोंडाशी असं वारंवार होत असेल तर बहुधा शिवडा असतो, कारण तो अंधार पडताना निघतो आणि जागा बदलत राहतो. भर दुपारी, शेवाळाच्या कडेला, एकदाच झालं आणि सगळं शांत झालं, तर मरळ.

चिलापीचा कळप निराळा. ती चार इंच पुढे जाते, थांबते, पुन्हा चार इंच. १९५२ साली भारतात आणलेला हा आफ्रिकेचा मासा आता सगळीकडे आहे. त्याचे नर उथळ तळावर ताटाएवढे गोल खड्डे करून त्यावर पहारा देतात आणि शेजाऱ्यावर धावून जातात. खड्डे दिसले की मासा पाहायचीही गरज उरत नाही.

७. पहाटे सगळे वर आले असतील तर नावं विचारू नका.

दिवसा पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री त्याही तो वापरतात. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. उन्हाळ्यात धार तुटून डोह उरतात, तेव्हा कधी पहाटे रोहू, कटला, मृगळ सगळेच तोंड वर काढून आ वासताना दिसतात. त्या वेळी कुणाची चाल कुणाची राहत नाही. ते गुदमरत असतात. हौशी माणसाला वाटतं, आज मासा वर आला, जाळं टाकावं. टाकू नये.

वऱ्हाडात आता कितीतरी शेतकऱ्यांनी शेततळ्यात बोटुकली सोडली आहे. त्यांच्यासाठी ही खूण पैशाची आहे. पहाटे मासे तोंड काढत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवा, मोटार लावून तेच पाणी उंचावरून फवारत तळ्यात सोडा, आणि तळ्यात मासे जास्त झालेत का ते पाहा.

८. तरंगणाऱ्या खुणेवरही चाल कळते.

पुतण्याच्या खेळात गळाला मासा लागला की डोक्यावर उद्गारचिन्हं येतात. हलकी ओढ असेल तर एक, जोराची तर तीन. नदीत त्याहून जास्त कळतं. चिलापी सतत टोचते, गळावरची काडी नाचत राहते पण बुडत नाही. रोहू आधी काडीला कंप देतो, मग ती तिरकी करून ओढत नेतो. मरळ विचारत नाही, काडी थेट गायब होते. वाम हळू ओढते आणि दगडाच्या फटीत शिरते, तिथून ती सुटत नाही. मांगूर जड असतो आणि डावीकडे-उजवीकडे झोल देतो. गळाला आफ्रिकन मांगूर लागला तर त्याला परत पाण्यात सोडू नका. देशात त्याच्या पैदाशीवर बंदी आहे, कारण तो नदीतलं बाकी सगळं खातो.

९. वेग ऋतूप्रमाणे मोजावा.

पुतण्या दसऱ्याला आला तेव्हा त्याला नदीवर नेलं. सावल्या टिपण्यात तो आमच्या गावच्या पोरांपेक्षा तयार निघाला. खेळाने त्याच्या डोळ्याला आकार आणि वेग एकाच नजरेत पकडायची सवय लावली आहे, आणि ती सवय खऱ्या पाण्यात कामी येते. मोबाईल-संगणकाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी हे ऐकावं.

मात्र खेळातला मासा बाराही महिने एकाच वेगाने जातो. खऱ्या माशाचं रक्त पाण्याच्या तापमानाचं असतं. वैशाखात सपकन निघून जाणारा रोहू पौषातल्या सकाळी रेंगाळतो. म्हणून वेगावरून थेट नाव घेऊ नये. त्या दिवशी बाकीचे मासे कसे चालले आहेत ते आधी पाहावं आणि त्यांच्याशी तुलना करावी. वेग बदलतो, वळण्याची आणि थांबण्याची तऱ्हा बदलत नाही. मरळ पौषातही डावा-उजवा पर हलवतच थांबते.

१०. शिकायचं तर काठावरच्या माणसाकडे.

मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या जंगल-तलावाची विद्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून घेतली, आणि त्यातून मराठीला केवढं लेखन मिळालं. आमच्या मन नदीवर, खाली पारसकडे, पूर्णेच्या काठांवर असे जाणते भोई अजून आहेत. त्यांची मुलं आता दुसऱ्या कामांना लागली आहेत. त्यांच्याजवळ बसून माशांची आणि चालींची त्यांच्या तोंडची नावं लिहून घ्यायला हवीत, ध्वनिमुद्रण करायला हवं. बाळापूर-अकोल्याच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या मुलांनी हे काम हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

११. तांबूस पट्टा दिसला तर गळ गुंडाळा.

पावसाळ्यात, पुराचा जोर ओसरलेल्या कडेच्या पाण्यात, शेवाळालगत हातभर रुंदीचा एक तांबूस पट्टा दिसतो. पाऊस नसतानाही त्या तेवढ्याच जागेवर बारीक थेंब पडत असल्यागत पाणी चुळचुळतं. पट्टा हळूहळू सरकतो, खाली जातो, पुन्हा वर येतो. ती मरळीची पिलं. शेकडो पिलं एकत्र राहतात आणि हवेचा घोट घ्यायला एकत्रच वर येतात. त्यांच्या बरोबर खाली आईबाप असतात आणि सुमारे महिनाभर ती राखण चालते.

त्या दिवसांत मरळ धरणं सगळ्यांत सोपं असतं, कारण पिलांजवळ आलेल्या कशावरही ती धावून जाते. पट्ट्यात बेडूक लावलेला गळ टाकला की पहिल्या फेकीला ती लागते. तिला तेव्हा भूक लागलेली नसते, ती पिलं वाचवत असते. ती गेली की तासाभरात आजूबाजूची मासळी पट्टा खाऊन टाकायला लागते. एका माशाच्या बदल्यात शेकडो जातात, आणि मग आपणच म्हणतो, आता नदीत पूर्वीसारखी मरळ राहिली नाही.

माझी बाळापूरकरांना आणि मन-म्हैशीच्या काठावरच्या सगळ्यांना विनंती आहे. असा पट्टा दिसला तर महिनाभर त्या जागी गळ, जाळं काही टाकू नका. बरोबर पोरं असतील तर त्यांना तो लांबून, खाली बसवून दाखवा, आणि शेजारी कुणी गळ काढत असेल तर त्याला दोन शब्द समजावून सांगा.